व्याह्यांच्या शेडमधलं लायसन

"हे लायसन दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे," असं नव्या मॅकच्या स्क्रीनवर परत एकदा उमटलं, तेव्हा हरीशरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं. चष्म्याचा दोष नव्हता.

"अगं, माझा सूरसखा उघडत नाहीये," ते स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले.

"हो का," आतून यमुनाबाई म्हणाल्या. त्या आवाजात जेवढी काळजी असायला हवी होती तेवढी नव्हती.

सूरसखा हे कराओकेचं सॉफ्टवेअर. गाण्याची पट्टी आपल्याला झेपेल इतकी खाली आणायची सोय त्यात होतीच, पण खरी जादू होती ती 'सावरा' नावाच्या बटणात. ते दाबलं की माणूस माइकमध्ये कसाही गायला तरी स्पीकरमधून सुरात बाहेर पडायचा. रिटायर झाल्या झाल्या हरीशरावांनी त्याचं आजन्म लायसन घेतलं आणि लंडनच्या पिनर उपनगरात ते 'गाणारे हरीशराव' झाले. लोकांना फक्त स्पीकर ऐकू यायचा. यमुनाबाईंना मात्र घरात दोन्ही आवाज ऐकू यायचे, समोरून सावरलेला आणि शेजारच्या खोलीतून मूळचा.

आणि या शनिवारी तिथल्या मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं म्हणजे मानाचं. इतकी वर्षं ते मंडळाचा सेक्रेटरी शशी स्वतःच म्हणायचा, कारण यादी तोच करायचा. यंदा पहिल्यांदाच ते हरीशरावांना मिळालं होतं. सूरसखा उघडला नाही तर ते परत शशीकडे जाणार, आणि एकदा गेलं की हरीशरावांच्या हयातीत परत येणार नाही, हे सगळ्या पिनरला माहीत होतं.

त्यांनी लेकीला फोन लावला. नवा मॅक अक्षयानेच आणून दिला होता.

"बाबा, आय टोल्ड यू," अक्षया म्हणाली. ती जन्मली वाढली इथेच, त्यामुळे तिचं मराठी प्रेमळ होतं, पण लिंगं जागेवर नसायची. "तो जुनी विंडोजवाली लॅपटॉप सेफ नव्हता. अपडेट्स बंद झाले. तुम्ही फक्त लायसन ट्रान्सफर करायचा. जुन्यावर डीअ‍ॅक्टिव्हेट, नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट. टू मिनिट्स. कुठे आहे जुनी लॅपटॉप?"

हरीशरावांनी दाराकडे पाहिलं. दारात यमुनाबाई हात पुसत उभ्या होत्या.

"तो मी सुप्रभाताईंना दिला," त्या म्हणाल्या.

सुप्रभाताई म्हणजे अक्षयाच्या सासूबाई. बेसिंगस्टोकला राहायच्या. नवरात्रात त्या पिनरला आल्या होत्या आणि ओट्यावर रेसिपी बघायला एखादी स्क्रीन हवी, असं सहज म्हणाल्या होत्या. यमुनाबाईंनी त्याच पावली लॅपटॉप काढला, त्यावर खण ठेवला, नारळ ठेवला आणि कुंकू लावून दिला.

"लॅपटॉपवर नारळ?"

"मग नुसता कसा देणार? विहीण आहेत त्या."

"सो व्हॉट," फोनवर अक्षया म्हणाली. "मी आईंना सांगते, आजच्या दिवस द्या म्हणून."

"अजिबात नाही," दोघं एकदम म्हणाले. घरात कित्येक महिन्यांनी त्यांचं एकमत झालं होतं.

लेकीच्या सासरी दिलेली वस्तू परत मागायची नसते. थोड्या वेळासाठी नाही, बघायला नाही, बटण दाबायला तर नाहीच. एकदा मागितली की पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशात ती गोष्ट हळू आवाजात सांगितली जाते. अक्षयाला हे समजावून सांगेपर्यंत तिची मीटिंग सुरू झाली.

मग हरीशरावांनी सूरसखाच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. तिकडे नकुल नावाचा मुलगा होता. फार मनापासून काम करणारा. अशा माणसांपासून जपून राहायला हवं हे हरीशरावांना तेव्हा माहीत नव्हतं.

"सर, विंडोजवरून मॅकवर जायचं तर आपण जाऊ शकतो," नकुल म्हणाला. "आयुष्यात एकदाच देतो आम्ही ते. जुन्या मशिनवर 'हक्क सोडा' असं बटण आहे, ते दाबायचं. मी तुमच्या मोबाईलवर कोड पाठवतो, तो टाकायचा. कोड दहा मिनिटं चालतो. पण सर, एक विचारू? तुमचं लायसन तर मस्त चालू आहे. काल दुपारभर तुम्ही गात होतात."

"काल दुपारी मी डेंटिस्टकडे होतो. तोंड उघडं होतं, पण गात नव्हतो."

"मग तुमच्या नावावर दुसरं कोणीतरी गातंय. रोज दुपारी. आणि 'सावरा' एकदम शेवटच्या टोकाला आहे."

हरीशराव फोन ठेवून विचारात पडले. बेसिंगस्टोकच्या घरात माणसं दोनच. सुप्रभाताईंना दुपारी झोप लागते, ती भूकंपानेही मोडत नाही. उरले त्यांचे यजमान रघुवीरराव. पण रघुवीररावांनी उभा जन्म विमा कंपनीत कोण कधी मरेल याचं गणित मांडण्यात घालवला होता, आणि वाढदिवसाच्या पार्टीत सगळे 'हॅपी बर्थडे' म्हणतात तेव्हासुद्धा ते नुसत्या टाळ्या वाजवत.

"आपण फराळ द्यायला जाऊ," हरीशराव म्हणाले. "तू विहीणबाईंना बोलण्यात गुंतव. मी एक बटण दाबून येतो."

"आणि ते नाहीच सापडलं तर?" यमुनाबाईंनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती, पण नेमकी कशाची ते सांगता येत नव्हतं.

बेसिंगस्टोकला पोचणं सोपं आहे, बेसिंगस्टोकमध्ये शिरणं अवघड. हरीशरावांनी गावाभोवतीचे सगळे गोल राउंडअबाउट घेतले, त्यातला एक चुकून परत घेतला, आणि फराळाच्या पिशव्या घेऊन दोघं व्याह्यांच्या दारात उभे राहिले.

"अगंबाई, या या," सुप्रभाताई म्हणाल्या. "हे मागे लॉन कापतायत."

नोव्हेंबर होता. बाहेर सकाळपासून रिमझिम चालू होती. या हवेत लॉन कापणारा माणूस आख्ख्या हॅम्पशर परगण्यात सापडला नसता, पण हे सुप्रभाताईंना खटकलेलं दिसलं नाही.

"लॅपटॉप बरा चाललाय ना?" हरीशरावांनी सोफ्यावर टेकता टेकता विचारलं.

सुप्रभाताईंचा चेहरा पडला. लॅपटॉप त्यांना घरी आणल्याच्या आठवड्यापासून दिसला नव्हता. त्यांनी ओटा, कपाट, गादीखाली, सगळं पाहिलं होतं. विहिणीने दिलेली वस्तू हरवली, असं विहिणीच्या तोंडावर कसं सांगणार?

"अहो, उत्तम," त्या म्हणाल्या. "रोज वापरते मी. आजच त्यावर बघून खांडवी केली."

"वा. कुठे ठेवलाय?"

"आत," सुप्रभाताई म्हणाल्या, आणि 'आत' म्हणजे नेमकं कुठे हे कोणी विचारायच्या आधी खांडवी आणायला गेल्या. यमुनाबाई ठरल्याप्रमाणे त्यांच्या मागे गेल्या. हरीशरावांनी मागचं दार उघडलं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक नारिंगी वायर बाहेर आली होती. ती ओल्या गवतावरून जाऊन बागेच्या टोकाच्या लाकडी शेडमध्ये शिरली होती. हरीशराव वायरच्या कडेकडेने निघाले. जवळ गेल्यावर आतून आवाज यायला लागला. आधी त्यांना वाटलं, आत एखादा कोल्हा अडकलाय. मग कोल्ह्याने कडव्यातले शब्द नीट उच्चारले.

त्यांनी दार उघडलं. रघुवीरराव प्लास्टिकच्या खुर्चीत, लॉनमोअर आणि खताच्या पोत्याच्या मध्ये बसले होते. कानावर मोठे हेडफोन, हातात माइक, डोळे मिटलेले. पोत्यावर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपवर अजून कुंकू होतं. सावरलेला सूर हेडफोनमधून फक्त त्यांच्या कानात जात होता. बाहेर येत होता तो मूळचा. यमुनाबाई रोज काय ऐकतात, हे हरीशरावांना आज पहिल्यांदा कळलं आणि ते दाराला धरून उभे राहिले.

रघुवीररावांनी डोळे उघडले. माइक पाठीमागे लपवला.

"सुप्रभाला सांगू नका," ते म्हणाले.

"नाही सांगत. पण केव्हापासून?"

"रेसिपीचं काहीतरी लावून द्यायला घेतला होता, तर त्यात हे दिसलं. एकदा दाबून बघितलं. हरीशराव, शाळेत मला कोरसमध्येसुद्धा नुसतं तोंड हलवायला सांगायचे. आणि हा बघा काय म्हणतो." त्यांनी स्क्रीन वळवली. गाणं संपल्यावर तिथे रंगीत अक्षरांत आलं होतं, 'वा, हरीश.'

"हा मला हरीश म्हणतो," रघुवीरराव म्हणाले. "चालतं मला."

हरीशरावांना भरून आलं, पण शनिवारही आठवला. त्यांनी खाली बघत सगळं सांगितलं. मानाचं गाणं, शशी, मॅक, आयुष्यात एकदाच मिळणारी बदली.

"मग घ्या की," रघुवीरराव लगेच म्हणाले. "तुमचंच आहे ते."

"माझं कसं? दिलेलं आहे तुम्हाला."

"लॅपटॉप दिलात. लायसन कुठे दिलंत? दाबा ते बटण."

हरीशरावांनी तिथूनच नकुलला फोन केला. त्याने कोड पाठवला. स्क्रीनवर प्रश्न आला, 'आपण हक्क सोडत आहात. हो की नाही?'

"हं, दाबा," रघुवीरराव म्हणाले.

"तुम्ही दाबा. तुमच्या लॅपटॉपला मी हात कसा लावू?"

"अहो, हक्क तुमचा. तो मी कसा सोडू?"

"तसं नाही. वरपक्ष तुमचा. मान तुमचा."

"वयाने तुम्ही मोठे."

"तीन महिन्यांनी. तेवढं धरत नाही कोणी."

"विम्यात धरतात. दाबा तुम्ही."

"तुमच्या घरात उभा राहून मी पहिलं बटण दाबलं असं कळलं, तर अक्षयाची आई मला घरात घेणार नाही."

"आणि पाहुण्याच्या हातून काम करून घेतलं म्हणून सुप्रभा मला शेडमधून आत घेणार नाही."

मग, दोघांनी मिळून एकदम दाबावं, असं हरीशरावांनी सुचवलं. ते रघुवीररावांना पटलं. दोघांची बोटं बटणावर आली. "आधी तुमचं बोट खाली," हरीशराव म्हणाले. "छे, तुमचं खाली," रघुवीरराव म्हणाले. बोटं वरखाली होत राहिली. घरातून सुप्रभाताईंची हाक आली, "चहा झालाय, हरीशरावांना भिजवू नका तिकडे." शेवटी हरीशरावांनी डोळे मिटून एकट्यानेच 'हो' दाबलं आणि कोड टाकला.

'कोडची वेळ संपली आहे,' स्क्रीन म्हणाली.

"सर, तुमचं बटण दाबून झालंय का?" फोनवर नकुल म्हणाला. "अरेरे. दुसरा कोड सिस्टिम देत नाही. आता वरच्या टीमकडून करून घ्यावं लागेल. तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी स्वतः पाठपुरावा करतो. तोपर्यंत जुन्या मशिनवर चालू राहील. शनिवारपर्यंत तुमच्या मॅकवर लायसन आलं म्हणून समजा."

हरीशरावांनी हो म्हटलं आणि फोन खिशात टाकला. कुठल्याही ऑफिसची वरची टीम शनिवारपर्यंत काही करते, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

दोघं व्याही पत्र्यावरचा पाऊस ऐकत बसले. मग रघुवीररावांनीच विम्याच्या डोक्याने तोड काढली.

"हे बघा. तुम्ही मागू शकत नाही. मी परत देऊ शकत नाही. पण शनिवारी कार्यक्रमाला आम्ही येणारच आहोत. येताना मी माझा लॅपटॉप माझ्याबरोबर आणला, तर त्यात परत देणं कुठे आलं?"

हरीशरावांना इतकं मोकळं वाटलं की, पाहुणा उठताना 'जेवूनच जा' म्हणावं तसं ते म्हणून गेले, "मग एक गाणं तुम्ही म्हणायचं."

"छे छे, मी कुठला."

"नाही, म्हणायचंच."

"बरं," रघुवीरराव म्हणाले.

हे हरीशरावांच्या हिशेबात नव्हतं.

शनिवारी दुपारी मंडळाने भाड्याने घेतलेला चर्चचा हॉल भरला होता. रघुवीरराव नवा कुर्ता घालून लॅपटॉपची बॅग छातीशी धरून आले. बॅगेतून तो निघताच सुप्रभाताईंनी सुटकेचा असा श्वास सोडला की पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं. अक्षयाने लॅपटॉप हॉलच्या वाय-फायला आणि स्पीकरला जोडला. शशीने माइकवर सांगितलं, "शेवटच्या गाण्याआधी एक नवीन आवाज. बेसिंगस्टोकचे रघुवीरराव."

"हे कुठे चाललेत?" सुप्रभाताईंनी यमुनाबाईंना विचारलं.

"गायला वाटतं," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांचा हात आपोआप कानाकडे गेला होता, तो त्यांनी केसांवरून फिरवला.

रघुवीररावांनी डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. एक जुनं भावगीत. स्पीकरमधून आवाज आला तो तलम, गोल, एकदम सुरात. हॉल गप्प झाला. चिवड्याच्या प्लेट मांडीवर टेकल्या. सुप्रभाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतक्या वर्षांत बोलले नाहीत हो कधी," त्या पुटपुटल्या. शशीसुद्धा भिंतीला टेकून ऐकत होता आणि त्याला ते आवडत नव्हतं.

त्याच वेळी पुण्यात नकुल ड्युटी संपल्यावरही थांबला होता. वरच्या टीमच्या डोक्यावर तो दिवसभर उभा होता. लंडनच्या एका ज्येष्ठ गायकाला शब्द दिला होता त्याने. वरच्या टीमने शेवटी वैतागून एक बटण दाबलं.

हरीशरावांच्या खिशातला फोन थरथरला. 'अभिनंदन. आपलं लायसन नव्या मॅकवर पोचलं आहे. सुरेल दिवाळी. आपला, नकुल.'

त्यांनी मान वर केली, तेव्हा रघुवीरराव दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी होते. वाद्यं चालूच राहिली, कारण सुरू झालेलं गाणं मध्येच तोडू नये एवढी सभ्यता त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. बंद पडलं ते फक्त 'सावरा'. हा आवाज हरीशरावांनी आधी ऐकला होता, पण शेडमध्ये निदान स्पीकर नव्हते.

मागे एक बाळ रडायला लागलं. रघुवीररावांनी डोळे उघडले. ते थांबले नाहीत, कारण थांबायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हरीशरावांकडे पाहिलं. सुप्रभाताईंचा हात तोंडावर गेला होता.

"अहो," यमुनाबाई फोनमध्ये डोकावून कानात म्हणाल्या, "काय ते लायसन आलं ना घरी? दोन गल्ल्यांवर तर आहे. पळा, मॅक घेऊन या. तुमचं गाणं तरी वाचेल."

खरं होतं. गाडी दारात होती. परत येईपर्यंत रघुवीररावांचं आटपलं असतं, आणि त्यांच्यानंतर हरीशराव सावरून गायले असते तर ते सगळ्यांना जास्तच चांगलं वाटलं असतं. हरीशराव उठले. दाराकडे दोन पावलं गेले. मग वळले, स्टेजवर चढले, स्टँडवरचा दुसरा माइक काढला आणि तिसरं कडवं सुरू केलं. बिनसावरलेलं.

पहिलं हसू कुठल्यातरी पोराचं होतं. मग एक रांग हसली, मग सगळा हॉल. एक माणूस झकास गाता गाता कोसळतो, दुसरा त्याला सावरायला येतो आणि त्याच्याहून खाली जातो. इतकं बसवलेलं विनोदी काम मंडळात कधी झालं नव्हतं. ध्रुवपदाला दोघांनी दोन वेगळ्या पट्ट्या धरल्या, तेव्हा लोकांनी खुर्च्यांचा आधार घेतला. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. त्यानंतर शेवटचं गाणं शशीने म्हटलं. ते कोणाला आठवत नाही.

"यांच्यात एवढा विनोद असेल असं वाटलं नव्हतं," सुप्रभाताई डोळे पुसत सगळ्यांना सांगत होत्या. रघुवीररावांनी हरीशरावांचा हात धरला आणि तो हलवतच राहिले.

सोमवारी शशीचा फोन आला. स्लावच्या मंडळाने जोडी विचारली होती. मग रेडिंगने विचारलं. आता रोज दुपारी पिनर आणि बेसिंगस्टोक फोनवर तालीम करतात. मॅकवर सूरसखा उघडतो, पण 'सावरा' बंद ठेवावं लागतं. यमुनाबाईंनी वाचनालयात जायला सुरुवात केली आहे.

परवा तालीम झाल्यावर रघुवीररावांनी फोन ठेवला नाही. घसा खाकरला.

"हरीशराव, राग मानू नका," ते म्हणाले. "पण दुसऱ्या कडव्यात तुमची एक अख्खी ओळ सुरात गेली. मी बोलणार नव्हतो. पण लोक लांबून येतात हो. जरा सांभाळा."



"कुठली ओळ?" हरीशरावांनी शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं.